माळ्यावरची बाज

आमच्या फ्लॅटला माझे वडील माळा म्हणतात. माळा म्हणजे वावरात चार बल्ल्या रोवून वर फळ्या टाकलेली उंच बैठक. तिच्यावर बसून ज्वारीवरची पाखरं हाकलायची असतात. आम्ही अमरावतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे उंचीपुरतं मला मान्य होतं. पण दवाखान्यातून आल्या दिवशीच गॅलरीत उभं राहून, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्या डोळ्यानं खालच्या पार्किंगकडे बघत त्यांनी विचारलं, "माळ्यावरून पाखरं तरी हाकलतात. तुमी इथं काय हाकलता?"

खरं उत्तर 'डास' असं होतं.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, म्हणजे शब्दांवरच पोट आहे. पलंग, मंचक, शेज, खाट, बाज, बाजलं, माचा अशी उतरंड मी दरवर्षी फळ्यावर काढतो आणि मागच्या बाकावरची पोरं तेवढ्यात पेंगायला लागतात. विषयच तसा असल्यामुळे मी मनाला लावून घेत नाही. घरांचीही अशीच उतरंड आहे माझ्याकडे : झोपडी, खोपडी, खोपट, छपरी, कोठा. एवढे शब्द खिशात असलेला माणूस एक साधी बाज विकत घ्यायला निघतो तेव्हा त्याची काय फजिती होते, त्याची ही हकीकत.

आई गेल्यापासून वडील चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या वावरात, खोपडीत राहतात. गावातलं घर कुलूपबंद. खोपडी म्हणजे तुराट्यांचा कूड, त्यावर मातीचा लेप, वर टिनपत्रे, समोर निंब. आत एक मडकं, एक कंदील (वीज आली तरी कंदील राहिला आहे) आणि एक बाज. वावर बटईनं, पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला दिलेलं आहे, तिथं त्यांना काडीचं काम नाही. पण "नजर पाह्यजे" म्हणून ते तिथं असतात. आणि गंमत अशी की नेमकी नजरच गेली होती. मोतीबिंदू इतका पिकला होता की धुऱ्यावरचा (बांधाला आम्ही धुरा म्हणतो) दगड त्यांना मांजर वाटायचा आणि ते त्याला 'शुक शुक' करायचे. मग एका संध्याकाळी त्या मांजराला ठेच लागून ते नालीत पडले.

म्हणून दिवाळी झाल्या झाल्या त्यांना अमरावतीला आणलं, डोळ्याचं ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, धूळ-धुरात जायचं नाही, वाकायचं नाही, जड ओढायचं-उचलायचं नाही. तपासणीला मी बोलावेन तोवर इथंच ठेवा. वडिलांनी मान डोलावली. मीही डोलावली. पण माझ्या मनात निराळंच होतं. त्यांना आता परत त्या खोपडीत एकटं पाठवायचंच नाही, असं मी आणि बायकोनं ठरवलं होतं. हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती. त्यांच्या मनात काय होतं ते मात्र त्यांनी दवाखान्याच्या पायरीवरच सांगून टाकलं, "कापसाची वेचणी सुरू झाली बाप्पा. पट्टी निघाली का मी चाललो."

आता त्यांना थांबवायचं तर त्यांना झोप लागली पाहिजे. आणि झोपेचं बोंबललं.

पाहुण्यांच्या खोलीत आमचा दिवाण आहे, खाली सामान ठेवायचा कप्पा असलेला. त्यात गोधड्या, जुने स्वेटर आणि मी कधीकाळी आणलेला हार्मोनियम असतो. वडिलांनी त्याचं झाकण उचलून पाहिलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "तिजोरीवर कोण झोपते बे? रातभर वाटीन का चोर येऊन राहिला."

मग आमच्या बेडरूममधली गादी दिली. जाड, महागाची, पाठीसाठी चांगली म्हणून दुकानदारानं गळ्यात मारलेली. सकाळी ते तिच्या कडेला बसलेले दिसले. "हे गादी माणसाले गिळते," म्हणाले. "मी कुशीवर झालो का ते बी कुशीवर होते." जमिनीवर सतरंजी टाकून दिली, तर गुडघे उठू देईनात. शेवटी ते सोफ्यावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागले आणि जागे झाले की चांदूरच्या गाडीची वेळ विचारायला लागले.

"बाबा, नेमकं पाहिजे काय तुम्हाला?" मी वैतागून म्हणालो.

"बाज."

"मग वावरातली आणतो ना! उद्या जातो न आणतो."

"अन् मी वापस जाईन तवा काय ढेकळावर झोपू? ते बाज तिथंच राहीन. तिले हात लावजो नको." थोडं थांबून म्हणाले, "दुसरी असली तं पाह्य. बाज भेटली तं राहीन चार दिवस."

चार दिवस! मला तेवढं बास होतं. चाराचे चाळीस कसे करायचे ते पुढं बघता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी बाज आणायला निघालो, अगदी दूध आणायला निघावं तसा. पहिल्या फर्निचरच्या दुकानात काचेचं दार होतं आणि टाय लावलेला मुलगा होता. मी म्हणालो, "बाज आहे का?"

तो म्हणाला, "सर, साइझ?"

मला आनंद झाला. म्हटलं, पोराला कळलं. मी हातानं लांबी-रुंदी दाखवली. त्यानं मला एक लोखंडी फोल्डिंग कॉट दाखवली, मधोमध मोडणारी. मी म्हणालो, ही नाही, विणलेली. त्यानं वेताचा झोपाळा दाखवला. मी खिशातून पेन काढून त्याच्या बिलाच्या मागच्या बाजूला चित्र काढलं : चार खूर, चार दांडे, मध्ये जाळी. त्यानं ते आडवं धरलं, उभं धरलं आणि मालकाला हाक मारली. मालक आला, चित्र पाहून म्हणाला, "कॅरमबोर्ड आपण नाही ठेवत, सर."

दुसऱ्या दुकानात बाज होती! खरोखरची, चकचकीत पॉलिशची, गुलाबी-पिवळ्या पट्ट्यांची. दारातच ठेवली होती. मी घाईघाईनं तिच्यावर बसलो आणि पट्ट्यांतून खाली गेलो. बूड जमिनीला आणि गुडघे कानाशी. ती बसायला नव्हती. तिच्यावर कुंड्या ठेवायच्या होत्या, सजावटीला. मला वर काढायला दोघं लागले. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी निघाला. "सर, तुम्हीच शिकवलं होतं ना हे? बाज, बाजलं, माचा?" त्याला आठवत होतं, म्हणजे मागच्या बाकावर सगळेच झोपत नव्हते. त्या क्षणी झोपले असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

मग मला ढाबे आठवले. बडनेऱ्याच्या पुढं हायवेला ढाब्यांवर बाजा असतात, ट्रकवाले त्यांवर आडवे होतात. मी स्कूटर काढली. एका ढाब्यावर चांगली बाज पाहून बसलो, दाबून पाहिली, खाली वाकून वीण पाहिली, चहाही मागवला नाही. मालक गल्ल्यावरून बघत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "ही बाज आपण विकाल का?"

"घेतली काय आज?" त्यानं विचारलं.

"अजून नाही. म्हणून तर विचारतोय."

"तसं नाही," तो माझ्या तोंडाचा वास घेत म्हणाला, "दुपारीच घेतली काय? पंखा लावू काय जराकसा?"

रिकाम्या हातानं घरी आलो. बायको अकोल्याची आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी अकोला आणि अमरावती यांच्यातला सामना आमच्या घरात संपलेला नाही. मी ज्याला बाजलं म्हणतो त्याला तिच्या माहेरी खाटलं म्हणतात आणि दोन्हीत काहीही फरक नसताना आम्ही यावरून एकदा अख्खा रविवार भांडलो आहोत. माझी कहाणी ऐकून ती पोळी लाटता लाटता हसली.

"अमरावतीले नुसते शब्दच आहेत," ती म्हणाली. "बाजा अकोल्याले भेटतात. आमच्या जुन्या शहरात एक जण अजून विणतो. जा उद्या. मी थांबते बाबांपाशी."

मी नाइलाजानं अकोल्याला गेलो. साल्याची गाडी मागून नेली, कारण तिच्यावर कॅरिअर होतं. जुन्या शहरात विचारत विचारत गेलो तर तो बाजवाला सापडला. दारासमोर तयार बाजांची चळत लावून, खुर्चीवर बसून मोबाइल बघत होता. सगळ्या बाजा नायलॉनच्या. हिरव्या, निळ्या, एक तर झेब्र्यासारखी.

"सुताची पाहिजे," मी म्हणालो.

"सूत का जमाना गया साहेब. नायलॉन घ्या. पावसात भिजली तरी काही होत नाही."

"तिसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये कशाला भिजेल?"

"मंग तं अजूनच काही होत नाही."

मी वडिलांना फोन लावला. त्यांनी पलीकडून विचारलं, "अंबाडीची आहे का पाह्य." अंबाडीच्या वाखाची दोरी. मी बाजवाल्याला विचारलं. तो हसून हसून खुर्चीतून उठला. "अंबाडी आता भाजीपुरती राहिली साहेब. तिची दोरी कोण वळते?" मी वडिलांना कळवलं. ते म्हणाले, "मंग सुताची. नायलॉन आणशीन तं त्याच्यावर तूच झोपजो. पाठीवर जाळी उठते, मासोळीवानी." मी बाजवाल्याला परत कळवलं. असा मी मध्ये उभा राहून दोघांचे निरोप इकडून तिकडं करत होतो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की दोघं एकमेकांशीच बोलताहेत, मी नुसता फोन धरलाय. चहूकडं कापसानं भरलेल्या गाड्या जिनिंगकडं चालल्या होत्या. कपाशी-पराटीच्या या मुलखात बाजेपुरती सुताची दोरी मिळेना, याचा मला असा काही संताप आला की मी बाजवाल्यालाच भाषण सुनावलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आहे एक. आतमधी आहे. आधीच म्हणाले असते."

आधीच म्हणालो होतो! पण असो. आतून बाज निघाली. बाभळीचे खूर, पांढऱ्या सुताची वीण, पायथ्याशी ताणाची दोरी. मी हात फिरवला. आपण जिंकलो, असं वाटलं.

आता गाडीवर चढवायची. खूर खाली केले तर कॅरिअरवर नीट बसेना, डुगडुगे. खूर वर केले तर छान सपाट बसली. आम्ही दोघांनी ती तशीच करकचून बांधली. आभाळाकडं चार पाय करून बाज निघाली अमरावतीला.

वाटेत मला एक अनुभव आला आणि मी फार सद्‌गदित झालो. मूर्तिजापूरच्या फाट्यावर चहाच्या टपरीशी बसलेले एक म्हातारे माझी गाडी दिसताच उठून उभे राहिले. कप खाली ठेवला, हात जोडले. पुढं एका बैलगाडीवाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि डोक्यावरचा रुमाल काढला. एका मोटारसायकलवाल्यानं मला ओलांडून जाताना छातीला हात लावला. मी मनात म्हणालो, बघा, अजून आपल्या वऱ्हाडात बाजेला मान आहे. शब्द विसरले असतील लोक, वस्तू विसरले नाहीत. मी काच खाली करून सगळ्यांना हात केला, हसलोही. कुणीच परत हसलं नाही. मला वाटलं, शेतकरी माणसं, लाजतात.

सोसायटीच्या गेटवर तर कमाल झाली. आमचा वॉचमन एरवी रिक्षावाल्याशीही हुज्जत घालतो. त्या दिवशी त्यानं गेटची दोन्ही दारं उघडली आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला. "काही लागलं तं सांगा, सर," तो खालच्या आवाजात म्हणाला. मी म्हणालो, "एक हात दे, वर न्यायला." तो जरा गांगरला, पण आला.

लिफ्टमध्ये बाज मावली नाही. जिन्यानं उभी करून, वळणावर आडवी करून, परत उभी करून नेली. बायको भाजी आणायला गेली होती, वडिलांचा आतल्या खोलीत तिजोरीवर पडल्या पडल्या डोळा लागलेला. हॉलमध्ये सोफा, टीपॉय, टीव्ही. बाजेला जागा कुठली? मी म्हटलं, आधी सोफा सरकवू, तोवर ही गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवू. ठेवली. खूर बाहेरच्या बाजूला, उंच, अख्ख्या पार्किंगला दिसतील अशी. वॉचमननं माझ्याकडं एकदा पाहिलं, "आजोबा चांगले होते," असं म्हणाला आणि उतरून गेला. मला वाटलं, स्वभावाबद्दल म्हणतोय.

मी सोफ्याच्या मागं शिरलो. भिंत आणि सोफा यांच्यामध्ये उभं राहून ढकलायचा, असा बेत. सोफा पुढं गेला नाही, पण मी मागं गेलो आणि माझं पोट आणि भिंत यांचं असं काही जमलं की मला ना पुढं येता येईना, ना बाजूला. मी तसाच अडकलेला असताना दाराची घंटी वाजली.

"कोण आहे पाह्य बे," आतून वडिलांचा आवाज आला.

"येतो, येतो," मी म्हणालो आणि आलो नाही. घंटी परत वाजली. वडील पट्टीच्या जागी आलेला काळा चष्मा लावून, भिंत चाचपत स्वतः गेले आणि दार उघडलं.

दारात समोरच्या फ्लॅटमधल्या काकू होत्या. डोक्यावर पदर. एका हातात झाकलेलं पातेलं, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी. त्यांच्या मागं त्यांचे यजमान, पांढऱ्या सदऱ्यात. त्यांच्याही मागं खालच्या मजल्यावरचे दोघं-तिघं. काकूंनी तोंड उघडलं होतं ते रडायला. वडिलांना पाहून ते तसंच उघडं राहिलं.

"कोण गेलं?" वडिलांनी विचारलं.

पिठल्याचा वास आला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकर आणून देतात, हे आमच्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. वडिलांनी वास घेतला आणि हळूहळू मान गॅलरीकडं वळवली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ते एवढं स्पष्ट दिसायला नको होतं. पण दिसलं.

घरातलं माणूस गेलं, त्याला उचललं, की त्याची बाज उलटी करतात, भिंतीला उभी करतात. जित्या माणसाची बाज कधी उभी करत नाहीत, पाय वर करून नेत नाहीत. लहानपणी मी बाज उभी करून तिच्या मागं लपायचो तेव्हा आई धावत येऊन पाठीत धपाटा घालायची. बाजेचे सगळे शब्द मला ठाऊक होते. बाजेची रीत ही एवढी एकच, आणि तीच नेमकी शब्दांच्या गर्दीत कुठं हरवली होती. मूर्तिजापूरच्या त्या म्हाताऱ्यांचे जोडलेले हात मला आठवले. मी त्यांना हसून दाखवलं होतं.

"मले उचललं काय रे तू?" वडील माझ्या दिशेनं म्हणाले. मी सोफ्यामागं असल्यामुळे त्यांना नुसतं माझं डोकं दिसत असावं.

"बाबा, जागा करत होतो..."

"केली ना जागा. जित्या बापाची बाज उभी केली. अजून काय जागा पाह्यजे तुले?" मग काकूंकडं वळून एकदम मवाळ होत म्हणाले, "बाई, पिठलं इकडं द्या. गरम आहे तवाच खातो. मेल्यावर कोण वाढते."

काकूंनी हसावं की रडावं ते ठरेपर्यंत त्यांनी पातेलं घेतलं. मंडळी पाय न वाजवता आपापल्या मजल्यावर गेली. काकूंचे यजमान तेवढे मागं थांबले, मला सोफ्यातून बाहेर ओढलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही मराठीचे ना?" त्यात प्रश्न नव्हता.

बायको भाजी घेऊन आली तेव्हा वडील जेवून हात धूत होते. तिनं गॅलरीकडं पाहिलं, कपाळावर हात मारला आणि पिशवी तिथंच टाकून बाज आडवी करायला धावली. पण उशीर झाला होता.

"सूनबाई, सकाळच्या गाडीत मले बसवून दे," वडील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "माह्या खोपडीत माही बाज आडवी आहे. तिथं मी जिता आहो. इथं माळ्यावर मले लोकं पिठलं आणून देतात."

मी समजावलं. डॉक्टर, धूळ, तपासणी, नाली, सगळं काढलं. ते ऐकत होते आणि पिशवीत धोतर घालत होते. मी चिडून म्हणालो, "तिथं परत पडलात तर?" ते म्हणाले, "पडलो तं जमिनीवर पडीन. तिसऱ्या मजल्यावरून नाही पडणार." मी खोलीबाहेर आलो. खरं सांगतो, त्या वेळी मला स्वतःचा, बाजेचा, सोफ्याचा आणि मराठी भाषेचा इतका राग आला होता की टीपॉयला लाथ मारली. अंगठा सुजला.

बायको मात्र लाथा न मारता कामाला लागली होती. तिनं वॉचमनला बोलावून सोफा सरळ गॅलरीत काढला, मला विचारलंसुद्धा नाही. हॉलच्या मधोमध, पंख्याखाली, बाज टाकली. वर गोधडी, गोधडीवर धुतलेली चादर. आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, जाल तं जा. पण आणली आहे इतक्या दुरून, एकडाव पाठ तं टेकून पाहा. अकोल्याची आहे. नाव ठेवाल तं मले ठेवाल."

त्यांना ते मोडवेना. बसले, आडवे झाले आणि मधोमध खाली गेले. पाठ जमिनीला टेकायला वीतभर बाकी.

"हे बाज आहे का झोळी?" ते आतूनच ओरडले. "कोणं विणली? तूनं पाहून घेतली का नाही?"

"हात फिरवून पाहिली," मी म्हणालो.

"हात कायले फिरवतो? म्हैस आहे काय? ताण पाहाचा असते!"

आम्ही त्यांना वर काढलं. ते खुर्ची ओढून पायथ्याशी बसले. बाजेची वीण पायथ्याच्या दांड्यापर्यंत येत नाही. अलीकडंच थांबते आणि तिथून दांड्यापर्यंत नुसती ताणाची दोरी घेतलेली असते. ती ओढली की अख्खी बाज ताठ होते. वडिलांचे हात आपोआप तिकडं गेले. बायकोनं हात धरला. "जड ओढाचं नाही म्हटलं ना डॉक्टरनं?"

"मंग कोण ओढीन?"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

पुढचा सगळा वेळ मी जमिनीवर बसून, पाय दांड्याला लावून, दोरी ओढत होतो आणि वडील खुर्चीवरून सांगत होते. "गुडघा टाक. ते नाही, दुसरा. अबे, गाय दोहून राहिला काय? ओढ!" मी ओढली आणि भलतंच टोक ओढलं. शेवटचे चार वेढे भुसकन सुटून माझ्या मांडीवर आले. वडिलांनी कपाळाला हात लावला, पण त्यांचा आवाज आता बदलला होता. बऱ्याच दिवसांनी त्यांना घरात एक अडाणी गडी मिळाला होता. त्यांनी मला परत वेढे घ्यायला लावले, परत ओढायला लावलं, बोटानं दोरी वाजवून पाहिली, नापास केली, परत ओढायला लावलं. माझ्या तळहातांना फोड आले. चहा आला, गार झाला. गाडीचं कोणी नाव काढलं नाही.

अखेर ते बाजेवर आडवे झाले. बाज जराच वाकली. "नवं सूत आहे," ते डोळे मिटून म्हणाले. "रोज ढिलं पडीन. ताण बसूपर्यंत राहा लागीन. तुह्याच्यानं एकट्यानं होत नाही." आणि घोरायला लागले.

दुसऱ्या दिवशी सूत खरंच ढिलं पडलं. तिसऱ्या दिवशी जरा कमी. चौथ्या-पाचव्या दिवशी बाज तबल्यासारखी ताठ, वडील तिच्यावर टिचकी मारून "बसला बरं का ताण" असं पुटपुटत होते. ताण बसला म्हणजे आता ते गाडीची वेळ विचारणार. त्या दुपारी ते जेवून पडले, काळा चष्मा लावलेला, तोंड उघडं. मी पायथ्याशी बसलो, इकडंतिकडं बघितलं आणि डाव्या बाजूची गाठ सोडून दोरी जराशी सैल केली. संध्याकाळी त्यांनी टिचकी मारली. "कसं सूत देल्लं बाप्पा अकोलेवाल्यानं," म्हणाले. "ओढ."

मी ओढली.

तेव्हापासून हाच धंदा आहे. दुपारी मी चोरासारखा दोरी सोडतो, संध्याकाळी शिव्या खात ओढतो. फोड फुटून तिथं घट्टे पडले आहेत. फळ्यावर लिहिताना खडू खुपतो. शिव्याही वाढत चालल्या आहेत, कारण मी रोज सराव करूनही सुधारत नाही. सोफा गॅलरीत उन्हानं विटला. कोणी आलं की बाजेच्या काठावर बसतं आणि हळूहळू वडिलांकडं घसरतं. बायकोनं मला एकदा गाठ सोडताना रंगेहाथ पकडलं, तेल आणून हाताला चोळलं आणि एवढंच म्हणाली, "अमरावतीवाल्याचं डोकं."

काल डॉक्टरांनी तपासलं. डोळा उत्तम, आता कुठंही जाऊ द्या, म्हणाले. वडिलांनी ते ऐकलं. घरी आले, जेवले, बाजेवर पडले. घोरणं सुरू झालं. मी बराच वेळ दारात उभा राहिलो. मग पायथ्याशी जाऊन बसलो आणि डाव्या गाठीला हात घातला.

"डावी नको सोडू," चष्म्याआडून आवाज आला. घोरणं कधी थांबलं ते मला कळलंच नव्हतं. "डावी सोडली का सूत पिळते, मंग सांजच्याले तुह्याच्यानं ओढणं होत नाही. रोजचं पाहून राहिलो. उजवी सोड."

आणि कुशीवर वळले.

मी उजवी सोडली.